वीस वर्षांचे वडील

जगात माणसं बाप होतात, आजे होतात, आयुष्य असेल तर पणजेही होतात. पण ओठावर मक्याच्या कणसाएवढीही लव धड फुटलेली नसताना अख्ख्या गावाचा वडील होण्याचा मान मिळालेला माणूस मी एकच पाहिला. तो अमेरिकेहून आमच्या वालूरला आला तेव्हा वीस वर्षांचा होता. निजामाचं राज्य होतं, दुसरी लढाई पेटायला अजून दीडेक वर्ष होतं, आणि गोरा माणूस म्हटला की तो एक तर रेल्वेचा असतो नाही तर शिकारीला आलेला असतो, अशी आमच्याकडे समजूत होती. हा पायी आला. हातात पत्र्याची ट्रंक, गळ्यात टाय, आणि चेहरा गाजरासारखा लाल. मारुतीच्या पारावर बसलेल्या मंडळींसमोर उभा राहिला, हात जोडले आणि पाठ केलेलं वाक्य स्वच्छ आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी वडील आहे."

कुंभाराच्या म्हातारीने कपाळावर हात धरून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा रं बाबा?"

"मी नवीन वडील आहे," तो म्हणाला.

"मंग जुना कुठं गेला?"

"जुना वडील आजारी आहे. तो मुंबईला आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे मला पुढे कळलं. तो मॉर्मन पंथाचा. त्यांच्यात धर्म सांगायला घराबाहेर पडणाऱ्या पोरसवदा मुलांनाही मानाने 'एल्डर' म्हणतात, आणि मुंबईत कुणीतरी कोश उघडून त्याला त्याचं मराठी करून दिलं होतं. जुना वडील म्हणजे त्याचा जोडीदार. ही मुलं नेहमी जोडीने हिंडतात, एकट्याने हिंडायची त्यांना परवानगी नसते. पण जोडीदार हिवतापाने मुंबईच्या दवाखान्यात पडला आणि हा ठरल्या दिवशी एकटाच पुढे आला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. आमचं किराण्याचं दुकान. परभणीला राहून शिकलेला, त्यामुळे उर्दू यायची, इंग्रजी यायची, आणि मराठी तर घरचीच. तीन भाषा येणारा पंचक्रोशीत मी एकटा, आणि या गोष्टीची मला भलती घमेंड होती. दुकानामागची खोली आम्ही त्याला राहायला दिली, मी त्याला मराठी शिकवायचं ठरलं, आणि आठच दिवसांत त्याने मला कळवलं की जोडीदार बरा होईपर्यंत मीच त्याचा जोडीदार. गावाने लगेच आमचं नाव 'बैलजोडी' ठेवलं.

त्याचे किस्से मी आजवर शेकडो वेळा सांगितले आहेत. शाळेत सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले, सेलूच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनाही सांगितले. पण एका ठिकाणापर्यंत आलो की मला खोकला यायचा आणि किस्सा तिथेच संपायचा. आज खोकला आला तरी लिहिणं थांबवायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

तर हा आमचा वडील. 'तुमचं गाव कोणतं' म्हणून विचारलं की तो सांगायचा, 'एका मोठ्या खाऱ्या तळ्याच्या काठी.' आमच्या भागात खारं तळं म्हणजे लोणार, दुसरं कुणाला ठाऊकच नाही. त्यामुळे हा लोणारचा, हे ठरून गेलं. लोणारचा माणूस इतका गोरा कसा, यावर पारावर चार दिवस खल झाला आणि 'खाऱ्या पाण्यानं धुऊन निघालाय' असा निकाल लागला. तो सगळ्या पुरुषांना 'बंधू' म्हणायचा आणि सगळ्या बायकांना 'भगिनी'. माझ्या साठीतल्या बापाला, अण्णांनाही बंधू. अण्णा एकदा माझ्यावर डाफरले, "ह्यो वडील मला बंधू म्हणायलाय. म्हंजे आता तू ह्याला काका म्हण!"

चहा तेव्हा नुकताच गावात रुजत होता. ज्याच्या घरी चहा होतो ते घर सुधारलेलं, आणि पाहुण्याला चहा न देणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत लावणं. आमच्या वडिलांना चहा वर्ज्य. कॉफी वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, दारूचं तर नावच नको. तो हात जोडून म्हणायचा, "बंधू, मला गरम पाणी द्या." नुसतं पाणी कसं द्यायचं म्हणून लोक त्यात गूळ टाकून द्यायचे. पोराचं पोट बिघडलेलं आहे, अशी बातमी पसरली आणि वैद्यबुवांनी आपण होऊन चूर्णाची पुडी पाठवली. ती त्याने सेवा समजून घेतली. पुढचे दोन दिवस तो ट्रंकेपेक्षा तांब्याच जास्त वेळा हातात धरून होता.

उपवासावरून तर माझ्या आईचं आणि त्याचं कायमचं वाजलं. आमचं घर शंकराचं. सोमवारी आई उपास धरायची, म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि वर ताक असा सगळा थाट असायचा. हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करायचा आणि दिवसभर खरोखरच काही खायचा नाही, पाणीसुद्धा नाही. आई ताट घेऊन त्याच्या दारात उभी राहायची. "आरं लेकरा, उपासाला काईतरी खावं लागतंय की! बिनखाण्याचा कसला रं तुमचा उपास?" तो नम्रपणे सांगायचा, "भगिनी, आज माझे पोट देवासाठी रिकामे आहे." आई परत येऊन अण्णांना सांगायची, "देवाला रिकामं पोट घेऊन काय करायचंय? बिचाऱ्याला तिकडं कुणी सांगितलंच न्हाई."

सोमवारी तो कपडे धुवायचा आणि घरी पत्र लिहायचा. मंगळवारी माझ्याकडे मराठी. बुधवारी सेवा, म्हणजे ज्याला नको असेल त्याचंही काम करून द्यायचं. गोरा साहेब आपल्या दारात लाकडं फोडतोय हे बघून लोकांची इतकी तारांबळ उडायची की बुधवारी सकाळी बरीच घरं कुलूप लावून शेतावर जायची. उरलेले दिवस आसपासच्या खेड्यांत पायपीट. लोकांच्या पूर्वजांची नावं विचारून वहीत उतरून घ्यायची त्याला मोठी हौस होती. त्यांच्या धर्मात त्याला फार महत्त्व म्हणे. पण आज्याचं नाव विचारणारा माणूस आमच्याकडे एकच, पटवारी. त्यामुळे वहीसकट तो दिसला की लोक जमिनीबद्दल सावध व्हायचे. "आज्याचं नाव कशाला पायजे? फेरफार करायलाय का?" एका बहाद्दराने तर शेजाऱ्याच्या आज्याचं नाव आपल्या आज्याचं म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी शेजारी काठी घेऊन हजर झाला.

त्यांच्या धर्माचं मूळ पुस्तक सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेलं होतं, असं त्याने एकदा सांगितलं. त्या दिवशी प्रथमच त्याच्याभोवती गर्दी जमली. सोनाराने पुढे सरकून विचारलं, "किती तोळ्याचं व्हतं?" देवदूत ते परत घेऊन गेला, हे कळल्यावर सोनार खिन्नपणे मान हलवत उठला. "घडणावळ तरी बगायला मिळायला पायजे व्हती," तो म्हणाला. दोन वर्षांत जुना वडील काही आला नाही, आणि या नव्याच्या धर्मात आमच्या गावचं एकही माणूस गेलं नाही. रविवारी खोलीत तो गाणं म्हणायचा, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन प्रार्थना करायचा, आणि समोर श्रोते म्हणून मी आणि दुकानातली मांजर. मांजर शेवटपर्यंत बसायची.

पण त्याची खरी ख्याती झाली ती साक्षीमुळे. त्यांच्याकडे धर्माचं काहीही सांगून झालं की शेवटी 'हे खरं आहे अशी मी साक्ष देतो' असं म्हणायची रीत. त्याला ती इतकी अंगवळणी पडली होती की कशाच्याही शेवटी तो ती जोडायचा. "भगिनी, वांग्याची भाजी फार चांगली झाली आहे, अशी मी साक्ष देतो." "बंधू, तुमची म्हैस आजारी नाही, अशी मी साक्ष देतो." आता साक्ष हा शब्द आमच्याकडे फक्त कचेरीत वापरतात. गोरा माणूस साक्षी द्यायलाय आणि फुकट द्यायलाय, ही बातमी चौफेर गेली. बांधाचे तंटे, विहिरीचे तंटे, कोंबडी कुणाची याचे तंटे घेऊन लोक आमच्या दुकानासमोर बसू लागले. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "मी ते पाहिले नाही. जे मी पाहिले नाही त्याची मी साक्ष देऊ शकत नाही." यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विडी विझवत विचारलं, "मंग देवाला तरी कुठं बघितलंस रं?" चौथ्या दिवशी आमचा वडील सात मैल चालत त्या म्हाताऱ्याच्या गावी गेला, त्याच्या खळ्यावर दिवसभर कडबा रचून दिला आणि संध्याकाळी म्हणाला, "बंधू, मला अजून उत्तर सापडले नाही." म्हातारा पुढे सगळ्यांना सांगत सुटला की हा पोरगा खरा आहे.

आता खोकल्याची जागा आली.

थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्याला आली होती. बुधवार होता, आणि सेवेसाठी तो आमच्या मळ्यात मोट हाकायला आला. सकाळभर त्याने बैलांना इंग्रजीत विनंत्या केल्या, एकदा भरलेली मोट स्वतःच्याच अंगावर ओतून घेतली. दुपारी बैल सोडले. तो दाव्याला हात घालून म्हणाला, "बांधू?" मी म्हणालो, "राहू दे, बांधावर चरतील, कुठं जात नाहीत." आम्ही आगटीपाशी हुरडा खात बसलो. त्याच्याकडे गाई कशा असतात, त्याची आई पाव कसा भाजते, असं तो सांगत होता आणि मी त्याच्या क्रियापदांना हसत होतो. अर्ध्या-पाऊण तासाने वळून पाहिलं तर आमचे बैल शेजारच्या पाटलांच्या ज्वारीत पोटभर जेवून, उरलेल्यात लोळत होते. आम्ही धावलो, ओरडलो, बैल बाहेर काढले. चांगलं दहा-बारा पांड, म्हणजे अर्धाएक बिघा पीक आडवं झालं होतं. तो म्हणाला, "पाटील बंधूंना सांगायला जाऊ." मी म्हणालो, "मी सांगतो संध्याकाळी." आणि त्याला ओढ्याच्या वाटेने घरी आणलं.

मी सांगितलं नाही. पाटील तालुक्याला माझ्या मास्तरकीसाठी शिफारशीचं पत्र देणार होते. ते पत्र हातात पडलं की सांगू, असं मी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी रान पाहिलं. ओढ्यापलीकडच्या गायरानात धोंडिबा धनगराची मेंढरं बसलेली होती. पाटलांना एवढं पुरे झालं. तिसऱ्या दिवशी गस्तीवर आलेल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढे चावडीत धोंडिबाला उभं केलं.

धोंडिबा सारखं एकच सांगत होता, "मालक, खूर बगा की जाऊन. मेंढराचा खूर बोटाएवढा आसतोय. ह्यो बशीएवढा हाय." पण अमीनसाहेब बूट चिखलात घालायला तयार नव्हते. मग धोंडिबा माझ्याकडे वळला. "आप्पा, तुमी तरी सांगा, कुणाचं खूर हायत." मला तेव्हाच कळलं, त्याला माहीत आहे. जन्मभर जनावरांच्या पावलांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला आमच्या बैलाचा फाटका खूर ओळखू येणार नाही, असं मी का समजलो होतो कोण जाणे. पण माझं नाव तो घेईना. मी सांगायची तो वाट बघत होता. मी अमीनसाहेबांचे बूट बघत होतो.

तेवढ्यात गर्दीतून आमचा वडील पुढे आला आणि म्हणाला, "मी साक्ष देतो." चावडीत खसखस पिकली. अमीनसाहेबांना मराठी यायची नाही, इंग्रजी तर नाहीच. "ये कौनसी जबान बोल रै साब?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हा घाबरला होता, मराठी सुचेना, म्हणून इंग्रजीत बोलू लागला. आणि सावकाश, मला नीट सांगता यावं म्हणून थांबत थांबत, तो सगळं बोलला: मी तिथे होतो. माझ्या मित्राचे बैल ज्वारीत होते. आम्ही दोघं खात बसलो होतो, आमचं लक्ष नव्हतं. या माणसाची मेंढरं ओढ्याच्या पलीकडे होती आणि तिथेच राहिली. चूक आमची आहे, भरपाई म्हणून मी पाटील बंधूंच्या शेतात पीक निघेपर्यंत काम करीन. असं बरंच.

मी अमीनसाहेबांना म्हणालो, "साब बोल रै, उनो कुछ नै देखे."

अमीनसाहेबांनी भुवया वर केल्या. "इत्ता लंबा बोले, और मतलब इत्ताच?"

"जी. अंग्रेजी जरा लंबी रैती, साब."

सगळी चावडी हसली. अमीनसाहेब हसले, पाटील हसले. वडिलाला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. आपली साक्ष पोहोचली, म्हणूनच लोक आनंदले, असं समजून तोही हसला, आणि पुढे होऊन त्याने धोंडिबाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. मी आजपर्यंत पुष्कळांना हसवलं आहे. तेवढं चांगलं हसू मला परत कधी मिळालं नाही, आणि मिळूही नये.

धोंडिबाला गायरान बंद झालं. मेंढरं घेऊन निघून जा, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी त्याची बायको दुकानामागच्या खोलीच्या दारात आली. "वडील, तुमी जलमभर साक्षी देत हिंडायलेत. वांग्याची दिली, म्हशीची दिली. आन आमच्या येळंला म्हणलात, काईच न्हाई बघितलं?"

"मी पाहिले म्हणालो, भगिनी," तो गोंधळून म्हणाला.

"आप्पानं तर न्हाई म्हणून सांगितलं."

मी गूळ जोखत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. एरवी सदा लाल असलेला तो चेहरा मी पहिल्यांदा आणि शेवटचा पांढरा झालेला पाहिला. तो त्या बाईपुढे वाकला आणि म्हणाला, "मला क्षमा कर." त्याने मागितली, मी नाही.

सकाळी उठून तो एकटाच पाटलांकडे गेला. अमीनसाहेब पुढच्या गावाला निघून गेले होते. जमेल तशा मराठीत त्याने पाटलांना सगळं सांगितलं आणि शेवटी सवयीने साक्षही दिली. तिथेच घोटाळा झाला. पाटलांनी त्याची पाठ थोपटली, "हां हां, वडील, साक्ष, साक्ष! बसा, चहा घेता का?" ज्याने वांग्याची साक्ष दिली त्याची बैलाची कोण ऐकणार? तो चहा घेत नाही हेही पाटील विसरले होते.

धोंडिबा निघाला तेव्हा तो सोबत गेला. एक कोकरू खांद्यावर, दुसरं काखेत, गळ्यात टाय, असा पूर्णेच्या काठाने, आता जिथे धरण आहे त्या येलदरीच्या बाजूला. चार दिवसांनी परतला तो लंगडत, अंगाला मेंढरांचा वास घेऊन. आईने पाय शेकायला पाणी दिलं. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलला, मंगळवारी वही घेऊन पूर्वीसारखाच समोर बसला. मला एका शब्दाने विचारलं नाही. मला पत्र मिळालं, नोकरी मिळाली. आता सांगतो, उद्या सांगतो करत मी नोकरीवर रुजूही झालो. बारा-तेरा वर्षांनी जिंतूरच्या बाजारात धोंडिबाची बायको भेटली. धोंडिबा वारला होता. तिने मला ओळखलं, आणि विचारलं ते एवढंच, "वडील कसे हायत, आप्पा? त्यांच्या पायाचं बरं झालं का?"

मला ठाऊक नव्हतं. कारण त्याच्या कितीतरी आधीच लढाई सुरू झाली होती आणि त्याला परत बोलावणं आलं होतं. निघायच्या आदल्या मंगळवारी, सामान बांधून झालेलं असताना, तो नेहमीच्या वेळेला वही घेऊन बसला. म्हणाला, "आज भूतकाळ शिकवा." मी म्हणालो, भूतकाळ तर झाला आहे. तो म्हणाला, "थोडा राहिला आहे. 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक काय? इंग्रजीत एकच शब्द आहे." मी मास्तरकीच्या थाटात समजावलं की समोरच्याला वगळून बोलायचं असेल तर 'आम्ही', आणि ज्याच्याशी बोलतो त्यालाही धरून बोलायचं असेल तर 'आपण'. त्याने मान डोलावली, बराच वेळ विचार केला आणि टाकाने सावकाश लिहिलं: आपण पाहिलं.

आमची रीत अशी होती की वाक्य मी म्हणायचं आणि त्याने माझ्यामागून म्हणायचं. त्या दिवशी ते त्याने आधी म्हटलं आणि माझ्याकडे बघत थांबला. रागाने नाही. एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे मास्तरला ठाऊक असतं आणि तो नुसता थांबतो, तसा. मी वही पुढे ओढली, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, 'बरोबर' म्हणून खाली सही केली आणि आईने वाटेसाठी केलेल्या दशम्या आणायला उठलो.

पुढे मी तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं. आज तो कुठे आहे, आहे की नाही, किती लेकरांचा वडील आहे, मला माहीत नाही. पण हे लिहून झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि रिकाम्या खोलीत ते वाक्य मोठ्याने म्हटलं. आपण पाहिलं. पहिल्यांदा आवाज नीट फुटला नाही, म्हणून परत म्हटलं.